उपनगरात घर बघताय? आधी गल्ली चालून बघा, मग घराचं दार उघडा

उपनगरात घर घ्यायचं किंवा भाड्याने बघायचं म्हटलं की बहुतेक जण थेट घरात शिरतात, हॉल केवढा, किचन कसं, बेडरूम किती, कपाटं आहेत का, आणि निघता निघता एजंटला विचारतात "आजूबाजूला सगळं आहे ना?", तो म्हणतो "सगळं आहे, पाच मिनिटांवर", आणि विषय तिथेच संपतो. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा पाहिजे. फरशी बदलता येते, ओटा हलवता येतो, खिडकी मोठी करता येते, पैसे जातील पण काम होतं. समोरचा रस्ता, बसचा स्टॉप, शाळेचं अंतर, मागच्या नाल्याची पातळी, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. म्हणून इथे मी बाहेरून आत असा क्रम धरलाय, आणि पहिल्यांदाच शहराच्या मध्यातून बाहेर राहायला जाणाऱ्यांसाठी लिहितोय.

एक कसोटी मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो. "सुविधा आहे" एवढ्याने भागत नाही. तुमच्या घरातल्या माणसाला, त्याला गरज असेल त्या वेळेला, कुणाच्या मदतीशिवाय तिथे पोचता येतं का, हे बघायचं. गाडी चालवणाऱ्याला सगळंच जवळ वाटतं हो, पण घरातले सगळे गाडी चालवत नाहीत.

पायरी १: घरी बसून दिवसाची यादी करा

कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा. प्रत्येकासमोर, तो रोज कुठे जातो, आठवड्यातून एकदा कुठे जातो, आणि अडीअडचणीला कुठे जावं लागेल. वेळ पण लिहा, म्हणजे सकाळी सातला, रात्री दहाला, रविवारी दुपारी. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे पण ते केलं की अर्धी घरं आपोआप बाद होतात, कारण तेव्हा कळतं की आईला दर आठवड्याला दवाखान्यात जायचं असतं, मुलगी संध्याकाळी क्लासहून एकटी येणार, आणि तुम्ही ज्या घराच्या प्रेमात पडलाय तिथून दोन्ही गोष्टींना गाडीच लागणार.

आता अंतरं ठरवा. साधारण तब्येतीचा मोठा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटं, ८०० मीटरला दहा. वयस्कर माणूस किंवा लहान मूल हाताशी असेल तर ताशी तीन धरा, म्हणजे त्याच ४०० मीटरला आठ मिनिटं लागतात आणि परत येताना हातात पिशवी असते हे विसरू नका. हा ४०० मीटरचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन नियोजनकाराने १९२९ साली वस्तीचा जो आराखडा मांडला त्यात प्राथमिक शाळा मध्यभागी, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, दुकानं कोपऱ्यांवर, आणि मध्यापासून कडेपर्यंत पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, असा हिशोब होता. मूल मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचलं पाहिजे हा त्यामागचा विचार, आणि शंभर वर्षं होत आली तरी घर निवडताना याच्याइतकी उपयोगी पट्टी मला दुसरी सापडलेली नाही.

रोजच्या गोष्टी ८०० मीटरच्या आत, आठवड्याच्या गोष्टी एका बसने, आणि तातडीच्या गोष्टी गाडीने पंधरा-वीस मिनिटांत. एवढं जमलं तर वस्ती चांगली समजा.

पायरी २: नकाशा उघडा, पण सरळ रेषेवर विश्वास ठेवू नका

जाहिरातीत जे अंतर असतं ते बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. नकाशावर घर आणि दुकान यात १५० मीटर दिसतात, पण मध्ये दुसऱ्यांची मागची कुंपणं, आणि गल्ली पुढे बंद. मग बाहेर मेन रोडला यायचं, वळसा घालायचा, झालं एक किलोमीटर. म्हणून नकाशात "चालत" हा पर्याय निवडूनच अंतर काढा, आणि सरळ अंतराशी तुलना करा. चालायचं अंतर सरळ अंतराच्या दीडपटीपेक्षा जास्त निघालं तर सावध व्हा, तिथे राहणारे लोक कोपऱ्यावर जायला पण गाडी काढत असणार.

बंद गल्लीत घर असणं वाईट अजिबात नाही, उलट मुलांना खेळायला शांत रस्ता मिळतो, बाहेरची वाहतूक येत नाही. प्रश्न एवढाच की चालणाऱ्यासाठी वाट ठेवलीय का. न्यू जर्सीतलं रॅडबर्न, १९२९ मध्ये सुरू झालेली वसाहत, तिथे बंद गल्ल्या होत्या पण घरांच्या मागून बागेतून जाणाऱ्या पायवाटा पण होत्या आणि मोठ्या रस्त्याखालून पादचाऱ्यांना भुयारी वाट होती. पुढे पुष्कळ ठिकाणी बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या गेल्या, पायवाटा मागेच राहिल्या. तेव्हा गल्लीच्या टोकाला जाऊन बघा, दोन कुंपणांच्या मधून माणूस जाईल अशी बोळ आहे का, असली तर ती उघडी असते का, की तिला कुलूप आहे.

नकाशावर अजून दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे मोकळ्या जागा. समोर मस्त मोकळं रान दिसतंय म्हणून खूश होऊ नका, ती जागा विकास आराखड्यात कशासाठी राखलीय हे स्थानिक प्रशासनाच्या कचेरीत जाऊन किंवा त्यांच्या साइटवर बघा, उद्या तिथे गोदाम येणार की बाग येणार की रुंद रस्ता जाणार हे तिथे लिहिलेलं असतं. दुसरी म्हणजे उंची. उपग्रहाच्या नकाशात कर्सर फिरवला की समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते, तुमचं घर आजूबाजूच्या तुलनेत खड्ड्यात आहे का हे अंदाजाने लगेच कळतं. जुनी उपग्रह चित्रं पण बघा, जिथे आज घरं आहेत तिथे दहा वर्षांपूर्वी तळं किंवा ओढा दिसला तर पावसाचं पाणी तिथेच परत यायला बघणार.

पायरी ३: चालून बघा, आणि वेगवेगळ्या वेळी

घर दाखवायला तुम्हाला बहुतेक सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला बोलावतात, तेव्हा कुठलीही वस्ती चांगलीच दिसते. तुम्ही मात्र कामाच्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळेला जा, संध्याकाळी अंधार पडल्यावर जा, एकदा रात्री उशिरा जा, आणि जमलंच तर चांगला पाऊस पडून गेल्यावर लगेच जा. गाडी लांब लावा आणि स्टॉपपासून घरापर्यंत पायी या. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या नाहीतर सगळ्यात लहान माणसाला सोबत घ्या, कारण त्याच्या चालीने चाललं की रस्त्यातल्या सगळ्या अडचणी दिसतात ज्या आपण एकटे असताना उडी मारून ओलांडतो.

फुटपाथ आहे का, आणि सलग आहे का? दोन माणसं शेजारी शेजारी चालायची तर दीड मीटरच्या वर रुंदी लागते, व्हीलचेअर किंवा बाबागाडीला अगदी कमीत कमी ९० सेंटीमीटर सलग मोकळी जागा. मध्येच विजेचा खांब, झाडाचं आळं, लावलेली गाडी आली की माणूस रस्त्यावर उतरतो. प्रत्येक चौकात फुटपाथला उतार केलाय की उंच पायरी आहे ते बघा. हे बारीक वाटतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचं बाहेर पडणं याच पायरीपाशी थांबतं, हळूहळू तो संध्याकाळी फिरायला जाणंच सोडून देतो आणि घरच्यांना वाटतं की वयामुळे होतंय.

मग मेन रोड. ओलांडायच्या जागेवर दहा मिनिटं नुसते उभे राहा. सिग्नल आहे का, मध्ये थांबायला बेट आहे का, गाड्या कुठल्या वेगाने येतायत. इथे वेग फार महत्त्वाचा, कारण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ५० ची गाडी ताशी ३० च्या गाडीपेक्षा जवळपास पावणेतीनपट जोराने लागते, आणि ब्रेक मारल्यावर थांबायला अंतरही जवळपास तेवढ्याच पटीने जास्त घेते. वस्तीतल्या रस्त्यावर गतिरोधक, अरुंद वळणं, दोन्ही बाजूंना झाडं असली तर चालक आपोआप हळू होतो. सरळ, रुंद, रिकामा रस्ता असला तर बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, गाड्या पळणारच.

रात्री गेलात की दिवे बघा, पण खांब मोजू नका. दोन खांबांच्या मधल्या काळोखात समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो का ते बघा. पुष्कळदा दिवा असतो पण तो झाडाच्या फांदीत अडकलेला असतो आणि उजेड सगळा पानांवर. स्टॉप ते घर या वाटेवर रात्री कुणाची दारं-खिडक्या रस्त्याकडे उघडतात का हे पण बघा, दोन्ही बाजूंना नुसत्या उंच भिंती असलेला रस्ता दिवे असूनही ओसाडच वाटतो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे गैरसमज भरपूर आहेत. मोबाइलच्या ॲपने डेसिबल मोजता येतात, अचूक नाही पण दोन जागांची तुलना करण्यापुरतं ठीक. साधारण १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटतो. सतत वाहणाऱ्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तरी आवाज फक्त ३ डेसिबलच्या आसपास कमी होतो, म्हणजे "रस्ता जरा लांब आहे" याने फार फरक पडत नाही. झाडांची एखादी रांग आवाज अडवते ही समजूत पण चुकीची, झाडं सावली देतात, धूळ थोडी कमी करतात, आवाज जवळपास तसाच येतो. रस्ता नजरेआड करणारी भक्कम भिंत किंवा मधली इमारत असेल तर साधारण ५ डेसिबल तरी कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्री घराबाहेर सरासरी ४० डेसिबलची शिफारस केली होती, शहराच्या कडेला सुद्धा हे गाठणं अवघड असतं, पण निदान बेडरूम रस्त्याच्या उलट्या बाजूला आहे का एवढं तरी बघाच.

पायरी ४: सुविधा एकेक तपासा

बस किंवा लोकल. स्टॉप किती जवळ यापेक्षा गाडी किती वेळाने येते हे आधी विचारा. दर दहा मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक न बघता गेलं तरी सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तासाला एक असेल तर तुमचा सगळा दिवस त्या बसभोवती फिरतो आणि एक चुकली की संपलं. शेवटची गाडी कितीला, सुट्टीच्या दिवशी किती, हे स्टॉपवर उभं राहून तिथल्याच माणसाला विचारा. रोजच्या प्रवासाचा वर्षाचा हिशोब पण करा एकदा. जाताना ४० मिनिटं, येताना ४०, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे, म्हणजे ३२० तास. स्वस्त घरामुळे वाचणारे पैसे आणि हे ३२० तास एकाच कागदावर मांडा, मग ठरवा.

शाळा. अंतराआधी प्रवेशाचा नियम बघा, कारण पुष्कळ ठिकाणी शाळेची हद्द ठरलेली असते आणि रस्त्याच्या अलीकडचं घर हद्दीत आणि पलीकडचं बाहेर असं होतं. शाळेशी थेट बोला, घर विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. शाळा सुटण्याच्या वेळेला तिथे जाऊन उभे राहा, फाटकासमोर गाड्यांची कशी गर्दी होते आणि चालत जाणारी मुलं किती आहेत हे डोळ्यांनी बघा. चालत जाणारी मुलं बऱ्यापैकी दिसली तर ती वस्ती पायी चालण्यासारखी आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

दवाखाना. याचे तीन थर असतात आणि तिन्ही वेगवेगळे बघायचे: औषधाचं दुकान, नेहमीचा डॉक्टर, आणि चोवीस तास इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल. "हॉस्पिटल जवळ आहे" म्हणतात ते बऱ्याचदा फक्त दिवसा चालणारं किंवा एकाच आजाराचं असतं, तेव्हा रात्री हृदयाचा किंवा अपघाताचा पेशंट घेतात का हे फोन करून विचारा. अॅम्ब्युलन्सला वाट सापडते का हेही. हृदय अचानक बंद पडलं आणि कुणी छाती दाबायला सुरुवात केली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणून घराचा नंबर रस्त्यावरून रात्री दिसतो का, आणि गल्लीत मोठी गाडी वळते का, या गोष्टी मी सुविधांमध्येच धरतो. अग्निशमनच्या गाडीची रुंदीच अडीच मीटरच्या आसपास असते, दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यावर मध्ये किती जागा उरते ते रात्रीच्या वेळी बघा, तेव्हा सगळे घरी असतात.

दुकानं. रोजची किराण्याची आणि औषधाची दुकानं चालत, बाकी काही लांब असलं तरी चालतं. सुट्टीच्या दिवशी उघडी असतात का एवढं बघा.

मोकळी जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाचा एक साधा निकष आहे, घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी मोकळी जागा. अर्धा हेक्टर म्हणजे ५,००० चौरस मीटर, फुटबॉलच्या मैदानापेक्षा थोडी कमी. पण नुसत्या आकाराने काही होत नाही, बाकं सावलीत आहेत का, पाणी प्यायला सोय आहे का, फाटक कितीला बंद होतं, आणि संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही दिसतात का. बाग सुंदर पण रिकामी असेल तर काहीतरी कारण असतं, ते शोधा.

कचरा, इंटरनेट, मोबाइलची रेंज. कचरा कुठल्या दिवशी उचलतात आणि डबा कुठे ठेवायचा हे विचारा, डबे ठेवायची जागा तुमच्याच खिडकीखाली नाही ना हेही बघा. रेंज प्रत्येक खोलीत जाऊन बघा, दारात नाही. घरून काम करणाऱ्यांनी शेजाऱ्याला इंटरनेटचा अपलोडचा वेग विचारा, जाहिरातीत फक्त डाउनलोडचा असतो.

पायरी ५: आता घर, पण आधी बाहेरून फेरी

घराचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. दार उघडायच्या आधी घराभोवती सावकाश एक फेरी मारा.

जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती पाहिजे. पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण १५ सेंटीमीटर उतार चांगला समजतात. जमीन घराकडेच उतरत असेल तर प्रत्येक पाऊस पायाला पाणी पाजणार. मग छपराच्या पन्हळी आणि खाली येणारे पाइप बघा. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, तेव्हा १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलीमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी त्या पाइपांतून खाली येतं. ते पुढे कुठे जातं? गटारात, शोषखड्ड्यात, टाकीत, का पायाशीच? पाइपच्या तोंडाखाली माती खणल्यासारखी दिसली, भिंतीवर हिरवट शेवाळाचा पट्टा दिसला, तर उत्तर मिळालं.

मोठं झाड भिंतीला लागून असेल तर मुळं सांडपाण्याच्या पाइपात शिरतात, आणि चिकणमातीची जमीन असेल तर झाड उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढून घेतं आणि जमीन आकसते. लगेच झाड तोडायच्या मागे लागू नका मात्र, जुनं झाड एकदम काढलं तर तीच माती परत फुगते आणि त्याचाही त्रास होतो, आधी जाणकाराला विचारा.

पायरी ६: आत गेल्यावर

भेगा. प्लास्टरवर केसासारख्या बारीक भेगा सगळ्याच घरांत असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली, ५ मिलीमीटरपेक्षा जास्त उघडलेली भेग दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच खोलीचं दार उघडझाप करून बघा, वर घासत असेल तर चौकट तिरकी झालीय.

ओल. ताजा रंग लावलेली एकच भिंत दिसली तर विचारा का लावला. कपाट थोडं पुढे ओढा, मागे हात लावा. जमिनीपासून वर चढलेली ओल बहुतेक एका पातळीला थांबते, साधारण एक मीटरच्या आत, आणि तिथे पांढरा क्षाराचा पट्टा दिसतो. वरून गळणाऱ्या पाण्याचा डाग मात्र वेडावाकडा, कडेला तपकिरी. दोन्हींचे उपाय वेगळे आणि खर्च पण वेगळा, म्हणून हे ओळखता आलं पाहिजे.

पाणी. मला सगळ्यात विश्वासार्ह वाटणारी तपासणी म्हणजे मीटरची. घरातले सगळे नळ बंद करा, कुणी फ्लश करू नका, आणि मीटरपाशी जाऊन झाकण उघडा. काचेखाली एक छोटंसं चाक किंवा लाल त्रिकोण असतो, पाण्याच्या बारीकशा धारेने पण तो फिरतो. त्याच्याकडे टक लावून बघा, आकड्याचा फोटो काढा, अर्ध्या तासाने परत या. सगळं बंद असताना ते चाक जरासं जरी सरकलं तरी कुठेतरी गळतंय, भिंतीत, जमिनीत नाहीतर फ्लशच्या टाकीत. ही तपासणी फुकट आहे आणि तिला कुठलंही हत्यार लागत नाही.

दाबासाठी सगळ्यात वरच्या मजल्यावरचा शॉवर आणि खालचा नळ एकदम सोडा. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर दाब फक्त उंचीवर असतो, १० मीटर उंचीला साधारण १ बार, त्यामुळे शॉवरच्या वर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर असेल तर पाणी मंदच येणार, शॉवर बदलून काही होत नाही.

सांडपाणी. सिंक भरा आणि बूच एकदम काढा, आणि त्याच वेळी बाथरूममधल्या जाळीजवळ कान द्या. गुडगुड आवाज आला तर पाइपला हवा मिळत नाहीये, वरचा हवेचा पाइप तुंबलाय किंवा नाहीच. प्रत्येक सिंकखालच्या वाकड्या ट्रॅपमध्ये पाण्याचा थर, बहुतेक ठिकाणी ५० मिलीमीटरच्या आसपास, गटाराचा वास अडवून धरतो, हवा नसली की हेच पाणी ओढलं जातं आणि वास घरात येतो. घर पुष्कळ दिवस बंद असेल तर ते पाणी सुकलेलंही असू शकतं, तेव्हा आधी बादलीभर पाणी ओता आणि मग वासाबद्दल मत बनवा. उपनगरात सगळीकडे गटाराची लाइन नसते, सेप्टिक टँक असेल तर शेवटचा उपसा कधी केला ते विचारा, साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावा लागतो, आणि टाकीचं झाकण कुठे आहे तेही बघून ठेवा.

वीज. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळून कुणाला शॉक बसायला लागला की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का बघा, त्यावर टेस्टचं बटण असतं, घरमालकाला विचारून दाबा, लगेच ट्रिप झालं पाहिजे. घरगुती वापरात बऱ्याच देशांत ३० मिलीअँपिअरचं बसवतात. बटण दाबूनही काही झालं नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ऊन. मोबाइलमधल्या होकायंत्राने खिडक्यांची दिशा बघा. विषुववृत्तापासून दूर उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेकडच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत खोलवर येतं आणि उन्हाळ्यात सूर्य वर असल्यामुळे छोट्या छज्जानेही अडतं, दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेला. पश्चिमेकडच्या खिडकीतून मात्र संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्जा तिथे काही करू शकत नाही, बाहेरून पडदा किंवा झाड पाहिजे.

पायरी ७: शेजाऱ्यांशी बोला

"इथे कसं आहे?" असं विचारलं की सगळे "छान आहे" म्हणतात. नेमके प्रश्न विचारा: मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं? लाइट गेली तर किती वेळ जाते? रात्री कुठला आवाज येतो? तुमची मुलं शाळेत कशी जातात? रस्त्यावर गाडी लावण्यावरून कटकट होते का? आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न, तुम्ही आजारी असताना औषध कुणी आणून दिलं होतं? या शेवटच्याला पटकन नाव घेऊन उत्तर आलं तर तिथे माणसं एकमेकांना ओळखतात. भाड्याने राहणाऱ्यांना पण विचारा, त्यांना घराची किंमत टिकवायची नसते म्हणून ते जास्त मोकळं बोलतात.

पायरी ८: ठरवताना

गुण देऊन बेरीज करायची पद्धत मला पटत नाही, कारण मोठ्या बाल्कनीचे गुण लांबच्या दवाखान्याची कमतरता झाकून टाकतात. त्यापेक्षा पहिल्या पायरीतली यादी परत काढा आणि त्यातल्या ज्या तीन-चार गोष्टींशिवाय चालणारच नाही त्यांना खूण करा. त्यातली एकही नसेल तर घर कितीही आवडो, सोडून द्या. त्या सगळ्या असतील तर मग आतल्या दुरुस्तीचा खर्च काढा आणि किमतीत घासाघीस करा. शक्य असेल तर आधी त्याच वस्तीत काही महिने भाड्याने राहा.

पायरी ९: राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात

सामान लावायच्या आधी हे करून टाका. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधा आणि तो फिरतो का बघा, बरीच वर्षं न हलवलेला व्हॉल्व्ह अडकतो, आणि पाइप फुटल्यावर ते कळून उपयोग नाही. विजेचा मेन स्विच आणि गॅसचा कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, मुलांना सुद्धा, हात लावून दाखवा. पाणी आणि विजेच्या मीटरचे फोटो तारखेसकट ठेवा म्हणजे आधीच्याचं बिल तुमच्यावर येणार नाही. भाड्याचं घर असेल तर प्रत्येक खोलीतल्या डागांचे आणि भेगांचे फोटो घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, सहा महिन्यांनी ती खुणेपुढे गेलीय का ते समजतं. अॅम्ब्युलन्स, अग्निशमन, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि त्याखाली स्वतःचा पूर्ण पत्ता जवळच्या खुणेसकट मोठ्या अक्षरात लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला फोनवर नव्या घराचा पत्ता आठवत नाही.